तीन डॉक्टर, तीन निदानं: सांधे नेमके कशाने दुखतात हे कसं ओळखायचं

प्रश्न निफाड तालुक्यातून आला आहे. आईंचं वय ५७, वजन ७४ किलो, उभं आयुष्य द्राक्षबागेत आणि कांद्याच्या चाळीत गेलेलं. तीन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, चार महिन्यांपासून हाताची बोटंही सकाळी आखडतात. रिपोर्टमध्ये यूरिक ॲसिड ६.९, आरए फॅक्टर २८, व्हिटॅमिन डी ११. गुडघ्याच्या एक्स-रेवर ‘गॅप कमी’. एका डॉक्टरांनी संधिवात सांगितला, दुसऱ्यांनी यूरिक ॲसिडची गोळी दिली, तिसरे म्हणाले गुडघे बदला. घरी डाळी आणि टोमॅटो बंद केलेत. कुणीतरी आणून दिलेल्या वाताच्या पुड्यांनी मात्र दोन दिवसांत आराम पडला. यातलं खरं काय आणि आता काय करायचं?

सगळे कागद थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आईंना दोन गोष्टी विचारा. सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो? आणि दुखणारे सांधे नेमके कोणते? सांधेदुखीचं निम्म्याहून जास्त निदान या दोन उत्तरांत असतं. रक्ताचा रिपोर्ट त्या उत्तराला दुजोरा देतो किंवा शंका घेतो, त्याची जागा घेत नाही. तीन ठिकाणी तीन निदानं निघाली, कारण प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद आधी वाचला गेला.

झिजेचा संधिवात असेल तर सकाळचा कडकपणा दहा-पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात जातो. चाललं, जिना चढला-उतरला, उकिडवं बसून उठलं की दुखतं आणि टेकलं की बरं वाटतं. गुडघ्यावर तळवा ठेवून पाय वाकवला तर खरखर हाताला जाणवते. बहुतेकांची झीज आतल्या बाजूला आधी होते, म्हणून पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकतात. हातात झीज आली तर ती नखाजवळच्या पेरांत आणि अंगठ्याच्या मुळाशी येते. तिथे हाडासारख्या टणक गाठी लागतात.

आमवात, म्हणजे रूमॅटॉइड, याच्या उलट वागतो. कडकपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो, हालचालीने कमी होतो आणि विश्रांतीने वाढतो. तो मनगटं, बोटांच्या मुळाचे सांधे आणि मधली पेरं धरतो, बहुधा दोन्ही हातांत. नखाजवळची पेरं तो सहसा सोडून देतो. सूज दाबल्यावर मऊ, पिठाच्या गोळ्यासारखी लागते. घरी करता येईल अशी तपासणी म्हणजे चार बोटांच्या मुळांवरून आडवा हात धरून हलकं दाबायचं, हस्तांदोलन करताना दाबतो तसं. एवढ्यानेच आई कळवळल्या आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चाललेलं असेल, तर थंडी सरेपर्यंत वाट पाहू नका. निफाडच्या थंडीत सगळेच सांधे जास्त ठणकतात, पण थंडीने सांधा झिजत नाही आणि आमवातही होत नाही.

आता आईंचे आकडे. आमवाताच्या संशयात रक्तात बघतात तो आरए फॅक्टर २८ हा क्षीण पॉझिटिव्ह आहे. वय वाढलं की ठणठणीत माणसांतही तो असा येतो, आणि क्षयरोगात किंवा कावीळ सी मध्येही येऊ शकतो. खऱ्या आमवाताच्या १०० रुग्णांपैकी वीस-तीस जणांत तो निगेटिव्हच असतो. म्हणून एकट्या आरए फॅक्टरवर ना आमवात ठरवावा, ना नाकारावा. अँटी-सीसीपी ही रक्तचाचणी जास्त भरवशाची. तिच्यासोबत ईएसआर, सीआरपी (या अंगातली सूज मोजणाऱ्या रक्तचाचण्या) आणि दोन्ही हातांचा एक्स-रे पुरेसा आहे. बोटं चारच महिन्यांपासून आखडतात आणि आई छाटणीची कात्री चालवतात, तेव्हा आणखी तीन दुखणी आधी बघायला हवीत. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ती हमखास दिसतात आणि सर्रास ‘वात’ म्हणून खपतात.

पहिलं, अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखणं. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं की झणका बसतो. ही अंगठा हलवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांच्या आवरणाची सूज आहे. अंगठ्यासह मनगट धरणारा पट्टा ३ ते ६ आठवडे आणि कात्री बंद, एवढ्याने अनेकांना आराम पडतो. नाहीच पडला तर त्या आवरणात एक इंजेक्शन बहुधा काम करतं. दुसरं, बोट वाकवल्यावर अडकणं आणि खटका बसून सुटणं. तिसरं, रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं. मनगटाच्या बोगद्यात नस दबल्याने असं होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायचा आणि थायरॉइड व साखर तपासून घ्यायची. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागला असेल तर उशीर करू नये, तो भाग पुन्हा भरून येत नाही.

पावसाळ्यात किंवा त्यानंतर आईंना कडक ताप येऊन सांधे धरले होते का, हेही आठवा. चिकुनगुनियाचं दुखणं आमवातासारखंच दिसतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं, काहींचं महिनोन्महिने रेंगाळतं. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर ती चिकुनगुनियाच्या खात्यावर टाकून गप्प बसू नये, संधिवाततज्ज्ञांना दाखवावं.

यूरिक ॲसिड ६.९ बद्दल माझं मत स्पष्ट आहे. गाउटचा, म्हणजे यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून येणाऱ्या वाताचा, झटका कधी आलाच नसेल आणि मूत्रपिंड ठीक असेल, तर या आकड्याला गोळी लागत नाही. गाउट अशी महिनोन्महिने मंद दुखत नाही. रात्री अचानक, बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, सांधा लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्श सोसवत नाही, चोवीस तासांत दुखणं टोकाला जातं आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप उतरतं. पाळी असलेल्या बायकांत ती दुर्मीळ, पाळी गेल्यावर आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास शक्य. गंमत अशी की ऐन झटक्यात यूरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, म्हणून संशय असेल तर झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. खात्री हवी असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून त्यात स्फटिक बघतात.

खरी गाउट असेल तेव्हा यूरिक ॲसिड उतरवणारी ॲलोप्युरिनॉल ही गोळी १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर २ ते ४ आठवड्यांनी वाढवत यूरिक ॲसिड ६ च्या खाली आणायचं असतं, आणि सुरुवातीचे ३ ते ६ महिने झटका टाळण्यासाठी कोल्चिसिन या औषधाची छोटी मात्रा सोबत ठेवायची असते. इथे दोन चुका नेहमी होतात. कोल्चिसिनशिवाय एकदम मोठी मात्रा सुरू केली की उलट झटका येतो आणि रुग्ण म्हणतो, गोळी मानवली नाही. दुसरी, झटका थांबला की गोळी बंद केली जाते. ॲलोप्युरिनॉल घेताना अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर मात्र त्याच क्षणी गोळी थांबवून दवाखाना गाठायचा.

डाळी परत सुरू करा. तूर, मूग, हरभरा यांनी गाउट वाढत नाही. वाढवतात ते दारू (त्यातही बिअर), कलेजी-भेजा, मटणाचा अतिरेक आणि साखरेची पेयं. टोमॅटो बंद करून गुडघ्याला काही मिळत नाही. शाकाहारी घरात डाळ बंद झाली की प्रथिनं बंद होतात, मांडीचे स्नायू वाळतात आणि गुडघा आणखी उघडा पडतो.

आता पुड्या. ही या सगळ्या प्रश्नातली मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. वर्षानुवर्षांचं दुखणं दोन दिवसांत जादूसारखं थांबलं, भूक वाढली, अंगात तरतरी आली, तर त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा दाट संशय घ्यावा. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, पोटाचा घेर वाढतो आणि दंड बारीक होतात. जराशा धक्क्याने काळेनिळे डाग पडतात, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मरू लागतं. तेव्हा दुखतं जांघेत, पण लोक कंबरेचे एक्स-रे काढत बसतात. सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल दिसतो, एमआरआयमध्येच कळतं.

मात्र पुड्या तीन आठवड्यांहून जास्त घेतल्या असतील तर आजच्या आज फेकून देऊ नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवून बसलेलं असतं. बाहेरचं एकदम तुटलं की गळून जाणं, उलट्या, रक्तदाब उतरणं असं होऊ शकतं, क्वचित जिवावर बेततं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना खरं सांगा. ते मोजून दिलेल्या गोळीवर आणून हळूहळू कमी करतील. पुड्या चालू असताना केलेल्या तपासण्यांत सूजही दबलेली दिसते, हे त्यांना सांगणं म्हणून आणखी गरजेचं.

गुडघ्यांचं वर्णन झिजेशी जुळतं. ‘गॅप कमी’ हा शब्द ऐकून घाबरू नका. एक्स-रेवर झीज जास्त आणि दुखणं कमी, किंवा उलट, असं खूपदा दिसतं. एक्स-रे उभ्याने, पायांवर भार देऊन काढलेला हवा; झोपवून काढलेल्यात फट खोटी मोठी दिसते. ‘वंगण संपलं’ म्हणून महागडी इंजेक्शनं घेण्याआधी पुढच्या गोष्टी तीन महिने मनापासून करा.

मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा आधार. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, १० सेकंद धरायचं, सोडायचं. असं १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा. दोन आठवड्यांनी खुर्चीवर बसून एक पाय सरळ करून १० सेकंद धरायचा. जमू लागलं की घोट्याला अर्धा किलोची वाळूची पिशवी बांधायची आणि दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा किलो वाढवायची. पुढे खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, १० वेळा. व्यायामानंतर थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेलं राहिलं किंवा सूज आली तर मात्रा निम्मी करायची, बंद नाही. फरक सहा ते आठ आठवड्यांनी कळतो, आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. फसतं ते इथेच.

वजन १ किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो. आईंचं ७४ किलोचं ६८ झालं तर काय होईल ते मोजून बघा. उपवासाला साबुदाणा आणि तळण असेल तर वजन उपवासानेच वाढतं. त्या दिवशी भगर आणि दाण्याची थोडी आमटी चालेल. कांदा निवडताना उकिडवं बसणं बंद, उंच स्टुलावर बसून समोर टेबल. भारतीय शौचालयावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, ती आजच आणा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. दोन्ही दुखत असतील तर जास्त दुखणाऱ्याच्या विरुद्ध. पायऱ्या चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. सप्तशृंगी गडावर जायचं असेल तर ट्रॉलीने जावं, देवी रागावत नाही.

औषधांत आधी डायक्लोफेनॅक जेल. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा. ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर मात्रा पोचतच नाहीये. जास्त दुखेल त्या दिवशी पॅरासिटामॉल, चोवीस तासांत ३ ग्रॅमच्या आत. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाबाची आणि लघवीची गोळी चालू असताना या रोज घेतल्या की मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. ग्लुकोसामाइनवर पैसे घालू नका, असा माझा सल्ला. गुडघा पाण्याने फुगला असेल तर पाणी काढून स्टेरॉइडचं एक इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. एका सांध्यात वर्षाला तीन-चारच्या वर नको, आणि सांधा बदलायचा ठरला असेल तर त्याआधीचे तीन महिने अजिबात नको.

गुडघे बदलायचे कधी? रात्रीची झोप मोडते, घरातल्या घरात चालणं कठीण झालं, आणि वरचं सगळं नीट करूनही भागत नाही, तेव्हा. एक्स-रे बघून नव्हे. शस्त्रक्रिया चांगलीच आहे. परदेशांतल्या मोठ्या नोंदींत १०० पैकी ८० हून जास्त कृत्रिम गुडघे २५ वर्षं टिकल्याचं दिसतं. वय कमी, पाय वाकलेले आणि झीज आतल्याच बाजूला असेल तर नडगीचं हाड कापून सरळ करणं किंवा अर्धाच सांधा बदलणं हेही पर्याय असतात, ते विचारायचे. ऑगस्ट २०१७ पासून कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली आहे, म्हणून बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. आधी साखर आटोक्यात हवी, किडके दात आणि लघवीचा संसर्ग निस्तरलेला हवा, नाहीतर जंतू नव्या सांध्यावर जाऊन बसतात. नंतरचे सहा आठवडे व्यायाम टाळला की गुडघा आखडतो, आणि ती चूक नंतर सुधारणं फार अवघड जातं.

बोटांत आमवातच निघाला तर उपचार लवकर सुरू होण्याला सगळ्यात जास्त किंमत आहे, कारण सांधे खाल्ले जायला पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरुवात होते. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या एकाच वारी घ्यायचं. रोज घेतलं तर रक्तपेशी कोसळून माणूस दगावू शकतो. घरातल्या एकाने कॅलेंडरवर तो वार रंगवून ठेवावा आणि फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या वारी द्यावी. परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर कमी मात्रेचं स्टेरॉइड पुलासारखं दिलं जातं आणि मग काढलं जातं. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी, पुढे दर दोन-तीन महिन्यांनी तपासायचं. दारू नको. घरात मूल हवं असलेल्या सुनेने किंवा लेकीने हे औषध घ्यायचंच नाही, आधी डॉक्टरांशी बोलायचं. ताप, तोंडात फोड किंवा कोरडा खोकला आला तर त्या आठवड्याची मात्रा थांबवून फोन करावा.

व्हिटॅमिन डी ११ म्हणजे खरीच कमतरता आहे. ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, ८ आठवडे. मग बहुधा महिन्यातून एकदा. हीच गोळी चुकून रोज घेतली गेल्याने कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंड बिघडणं असे प्रकार होतात. डी भरल्याने झिजलेला गुडघा भरून येणार नाही. पण नडगी दाबल्यावर दुखत असेल, जमिनीवरून उठताना मांड्यांत बळच नसेल, तर ते दुखणं याच कमतरतेचं असू शकतं आणि ते खरंच जातं. कॅल्शियम दिवसाला सुमारे १००० ते १२०० मिलिग्रॅम लागतं. पाव लिटर दुधात साधारण ३००, १०० ग्रॅम नाचणीत ३४० च्या आसपास. आधी ताटातून, उरलं तर गोळीतून.

हाडं ठिसूळ होणं मुळात दुखत नाही. ती मोडतात तेव्हा कळतं. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, उंची चार-पाच सेंटिमीटरने घटली, पाठीला पोक आला किंवा स्टेरॉइड घेतलं गेलं, यातलं काहीही असेल तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी हवी. आईंच्या बाबतीत पुड्यांमुळेच ती करून घ्यावी. तिच्यातला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडांचा ठिसूळपणा. शिबिरांत टाचेवर करतात ती तपासणी निदानाला पुरत नाही. त्यावरची आठवड्याची ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची, अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं नाही. चहासोबत घेतली की ती अंगाला लागत नाही, आणि आडवं झालं तर अन्ननलिका भाजते.

काही दुखण्यांत मात्र थांबून चालत नाही. एकच सांधा गरम, सुजलेला, हलवताच येत नाही आणि ताप आहे, तर सांध्यात पू असू शकतो. त्याच दिवशी सुईने पाणी काढून तपासायला हवं, कूर्चा काही दिवसांतच कायमची जाते. पाठीच्या एकाच मणक्यावर ठोकल्यावर दुखतं, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतं, तर मणक्याचा क्षय मनात धरून एमआरआय करायचा. त्याची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावी लागतात. पाय लुळे पडू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर रात्र असली तरी निघायचं. आणि चाळिशीच्या आतल्या पोराची कंबर पहाटे आखडून त्याला जाग येत असेल, फिरल्यावर मोकळी होत असेल, तर ती ‘नस दबली’ म्हणून सोडू नका. सांधा आखडवणाऱ्या मणक्याच्या वाताचा तो ठसा आहे आणि त्याला संधिवाततज्ज्ञच दाखवावा लागतो.

तुम्ही करायचं ते एवढंच. आठ दिवस रोज सकाळी आईंचा कडकपणा घड्याळ लावून मोजा आणि हाताच्या रेखाचित्रावर दुखणारी पेरं पेनाने खुणवा. कडकपणा तासाभराच्या आसपास निघाला किंवा बोटांची मुळं सुजलेली असली तर आधी संधिवाततज्ज्ञांकडे, नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना तो कागद, उभ्याने काढलेला एक्स-रे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि उरलेल्या पुड्या एकाच पिशवीत घाला.